घोडीवरचा नंबर

वणवा खिंडीशी आला तेव्हा घोडी न्यायला गाडी मिळेना. मग त्या डोंगरातल्या रीतीप्रमाणे लॉर्नाने आपल्या पेनी घोडीच्या कुशीवर पांढऱ्या रंगात फोन नंबर ठसठशीत रंगवला, फाटक उघडलं आणि तिला मोकळं सोडलं. जगली-वाचली तर कुणीतरी कळवेल. धुरातून उतरत्या उन्हाने अख्खा डोंगर सोन्यासारखा झाला होता. रस्त्यात गाडी थांबवून एक पर्यटक फोटो काढत होता.

"बाई, जरा बाजूला होता का? नुसती घोडी हवीय."

तिसऱ्या दिवशी शाळेतल्या छावणीत लॉर्नाचा फोन वाजला. अनोळखी नंबर. तिने झटकन उचलला.

"ती पांढऱ्या नंबरची घोडी तुमचीच ना?" पलीकडून एका बाईने विचारलं.

"हो, हो. कुठं दिसली? बरी आहे ना?"

"फोटोत दिसली हो. आमच्या ग्रुपवर सगळे वेडे झालेत. तिच्यावर बसून तसाच सोनेरी सूर्यास्त बघायचाय. शनिवारचं बुकिंग मिळेल?"

लॉर्ना तिथंच थुंकली.

"मिळेल की," ती म्हणाली. "पण लवकर या. जळायचा डोंगर आता थोडाच उरलाय."