रिपोर्टमधलं नाव

रूपेशचा डावा डोळा कधीचा लाल होता. साजगावच्या कारखान्यातली धूळ गेली असेल म्हणून तो मेडिकलमधले थेंब घालत राहिला; डोळा अधिकच गढुळला. कर्जतच्या डॉक्टरीणबाईंनी बुबुळावरून नमुना खरवडून मुंबईच्या प्रयोगशाळेत पाठवला. रिपोर्टमध्ये हर्पीसचा विषाणू निघाला. ते नाव छायाने मोबाईलवर शोधलं, ‘गुप्तरोग’ एवढंच वाचलं आणि नवऱ्याशी बोलणं टाकलं. “मी कुठं गेलो नाय गं,” तो काकुळतीने म्हणाला. दवाखान्यात तिनेच विचारलं, “यांनी हा बाहेरून आणलाय ना?” डॉक्टर म्हणाल्या, “तापात ओठांवर फोड येतात ना, तोच हा विषाणू. बहुतेकांना लहानपणीच लागतो आणि अंगात निजून राहतो. आता नेमकं औषध मिळेल, नजर वाचेल.” बाहेर आल्यावर छायाने हात पुढे केला. “चावी द्या. एका डोळ्यानं गाडी नका चालवू. मागं बसा, मला धरून.”