मुठीतलं घड्याळ

"झाली का पाहुण्यांची आंघोळ?" नवऱ्याने चहाचा कप ओट्यावर ठेवत विचारलं.

"थांबा, अजून पाठ घासायचीय," असं म्हणत तिने घड्याळ पालथं केलं.

घड्याळ पाणबुड्यांचं होतं. जाड स्टीलचं, काचेभोवती फिरतं कडं असलेलं. आधी चावी घट्ट पिळलीय का ते बघायचं, मग कोमट गोड्या पाण्यात ते बुडवायचं. साबणाचा एक थेंब घालून मऊ ब्रशने पट्ट्याची एकेक कडी घासायची. काचेभोवतीचं कडं गोल फिरवून त्याच्या खालची घाण काढायची. मग स्वच्छ पाण्यातून काढून जुन्या सुती कापडाने टिपायचं. हे सगळं ती मन लावून करायची.

"कुणी घालत नाही, तरी मळतं कसं हे?"

"हवा खारी आहे आपल्याकडची."

"मी इतकी वर्षं याच हवेत आहे. माझी पाठ कधी घासली नाहीस," नवरा म्हणाला. धाकटी लेक आतल्या खोलीतून फिदीफिदी हसली.

ती कपडे शिवायची. ओठांत कायम टाचण्या धरलेल्या, म्हणून गल्लीत तिला सगळे टाचणीताईच म्हणत. टाचण्या बाजूला ठेवून ती फक्त एकाच विषयावर भरभरून बोलायची, आणि तो म्हणजे हे घड्याळ.

कॉलेजात असताना खाडी ओलांडणारी लाँच कलंडली, तेव्हा ती त्या लाँचमध्ये होती. तिला आठवायचा तो अंधार, नाकातोंडात गेलेलं पाणी आणि एक मनगट. तेवढं तिने जिवाच्या आकांताने धरून ठेवलं होतं. डोळे उघडले तेव्हा ती धक्क्यावर होती आणि मुठीत हे घड्याळ होतं. "पाणबुड्याने काढलं गं तुला," कुणीतरी म्हणालं. तो तर इतरांसाठी पुन्हा पाण्यात उतरलाही होता. दवाखान्यातून सुटल्यावर तिने धक्का पालथा घातला. पण पाणबुड्यांची तुकडी बाहेरून आलेली, ती निघून गेली होती.

पुढे लग्न झालं, दोन मुली झाल्या, स्वतःचं दुकान उभं राहिलं. काही चांगलं घडलं की तिला आधी ते मनगट आठवायचं. मोठी लेक जन्मली तेव्हा शुद्धीवर येताच ती म्हणाली होती, "त्यांना कळवायला हवं होतं." नर्सला वाटलं, नवऱ्याबद्दल बोलतेय.

घड्याळ तिने सुरुवातीला प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात ठेवलं होतं, जिवापाड जपायचं म्हणून. एक दिवस बघते तर कड्यांच्या सांध्यांत तांबूस ठिपके. ती रडवेली होऊन घड्याळजींकडे धावली.

"स्टीलचं आहे ना हो? मग गंजलं कसं?"

"स्टील झालं म्हणून काय अमरपट्टा बांधून आलंय?" घड्याळजी म्हणाले. "खारं पाणी सांध्यात बसून राहिलं, वर तुम्ही त्याचा श्वास कोंडलात. गोड्या पाण्याने धुवा, कोरडं करा, मोकळं ठेवा. ब्लीच जवळही नेऊ नका." त्यांनी कड्या सुट्या करून साफ केल्या, झाकणातलं रबरी वायसर बदललं. पट्टा परत जोडताना म्हणाले, "कड्या काढून लहान केलाय हा. मनगट बारीक होतं माणसाचं."

बारीक मनगटात केवढी ताकद, या विचाराने तिला भरून आलं होतं.

आणि आता याच घड्याळजींनी निरोप धाडला होता. एक निवृत्त पाणबुडे सेल बदलायला दुकानात आले होते. बोलता बोलता त्या लाँचचा विषय निघाला आणि घड्याळजींनी पत्ता मागून घेतला.

त्याच दुपारी ती नवऱ्याबरोबर पोचली. पाणबुडेकाका दारातच खुर्ची टाकून बसले होते. धिप्पाड शरीर, मनगटं पोळपाटाएवढी. थोडं बोललं तरी त्यांना दम लागत होता.

"पिवळा स्वेटर!" तिने लाँचचं नाव काढताच ते म्हणाले. "ती पोरगी तुम्ही?"

ती वाकली, त्यांच्या पायांना हात लावला आणि तिथेच जमिनीवर बसली. मग एकदम बोलत सुटली. मुलींबद्दल, दुकानाबद्दल, नवऱ्याच्या थट्टेबद्दल. "आमचं हे सगळं घर तुमच्यामुळे आहे, काका."

काकांनी पंच्याने डोळे टिपले. "एवढ्या वर्षांत आभार मानायला कुणी आलं नव्हतं," ते आत बघून बायकोला म्हणाले. "ऐकलंस का गं? हिला दोन मुली आहेत!"

नवरा हात जोडून उभा होता. आज त्याला थट्टा सुचत नव्हती.

तिने पर्समधून घड्याळ काढून काकांच्या तळहातावर ठेवलं. ते चकाकत होतं. "जसंच्या तसं ठेवलंय, बघा. एक डाग नाही."

काकांनी ते उलटसुलट करून पाहिलं. मग तिची मूठ उघडून ते तिच्याच हातात ठेवलं.

"हे माझं नाही, पोरी."

"असं कसं? मी तुमचंच मनगट धरलं होतं ना?"

"मी पोचलो तेव्हा तुझं तोंड पाण्याबाहेरच होतं." काका दम घेत सावकाश बोलू लागले. "खाली एक माणूस होता. लाँचच्या कठड्यात पाय अडकलेला. स्वतः पाण्याखाली, पण तुला वर उचलून धरलं होतं. मी तुला ओढत होतो, आणि तू काही केल्या त्याचं मनगट सोडेनास."

"मग?"

"मग त्यानेच दुसऱ्या हाताने पट्ट्याचं बकल उघडलं."