चाळीस मिनिटं मागे

केरबा मगदूमांची छाती उघडी होती आणि शस्त्रक्रिया करणाऱ्या यंत्राचे दोन्ही हात अचानक थांबले. ते हात चालवणारा सर्जन म्हणजे नागपूरच्या सर्व्हरवरचा एक प्रोग्राम होता, आणि तिथे आग लागली होती.

"घाबरू नका, नाशिकहून बॅकअप सुरू होतोय," भूलतज्ज्ञ डॉ. शाल्मली हुद्दार म्हणाल्या. गडहिंग्लजच्या त्या रुग्णालयात दर महिन्याला याचा सराव होत असे.

दीड मिनिटात हात हलले. "नमस्कार. छाती उघडायला घेऊ?" सर्जनने विचारलं.

परिचारिका दचकली. बॅकअप चाळीस मिनिटांपूर्वीचा होता. पुढचं काहीच त्याला ठाऊक नव्हतं.

"थांब," शाल्मली म्हणाल्या. "छाती तू उघडलीस, हृदयाची झडपही तूच बसवलीस. नऊ टाके झालेत. उजवीकडचे तीन राहिलेत."

"माझ्याकडे तशी नोंद नाही, डॉक्टर. रक्तात टाकेही नीट दिसत नाहीत."

"मी इथेच उभी होते. एकेक टाका पाहिलाय मी."

मग हात उजवीकडे वळले आणि दहावा टाका पडला.

संध्याकाळी केरबा शुद्धीवर आले. अहवालात त्या चाळीस मिनिटांच्या रकान्यात सर्जनने एवढंच लिहिलं होतं: 'डॉ. हुद्दारांनी पाहिलं आहे.'