चार चॅनेलचा ट्यूनर

बावीस आठवडे चाललेल्या टीव्ही मालिकेतला खुनी कोण, हे जोलीनला शेवटच्या भागात कळणार होतं. पण ओक्लाहोमात वसंत ऋतू म्हणजे चक्रीवादळांचा मोसम. नेमकं त्याच वेळी वादळ येणार आणि तळघरात बसावं लागणार, याची तिला खात्री होती. म्हणून अँटेनावरचे कार्यक्रम रेकॉर्ड करणारा ट्यूनर आणायला तिने नवऱ्याला सांगितलं. एका वेळी दोन चॅनेल टिपणारा पुरला असता. वेंडेलने तीन आठवडे खल करून एकदम चार टिपणारा आणला. म्हणाला, "उगाच काही हुकायला नको!"

शेवटच्या भागाच्या संध्याकाळी वादळाचा भोंगा वाजलाच. दीड तासाने दोघं तळघरातून वर आली. घर जागच्या जागी होतं. जोलीनने पॉपकॉर्न केले आणि रेकॉर्डिंग लावलं. मालिका गायब! कार्यक्रम थांबवून चारही चॅनेलवर बाह्या सरसावलेले हवामानवाले यांच्याच गल्लीच्या नकाशावर बोट ठेवून ओरडत होते, "तळघरात पळा!"

"बंद कर ते मेलं!" जोलीन रडकुंडीला आली.

वेंडेलने पॉपकॉर्नचं भांडं मांडीवर ओढलं.

"थांब गं, आपलं घर वाचतं का बघू दे. आणि शेवट आधीच सांगू नकोस!"