आजोबांची ऊब

"आलात का? सकाळपासून वाट बघतेय तुमची," सिस्टर म्हणाली. "आधी हात धुवा. कोपरापर्यंत."

आजोबांनी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. आत काहीतरी खणखणलं.

"डबा आणलात वाटतं. बरं केलंत. आता शर्ट काढा."

"शर्ट?"

"आणि बनियनही."

साठी गाठेपर्यंत आजोबांनी पुष्कळ दवाखाने पाहिले होते. पण आल्या आल्या उघडं व्हायला कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं. सिस्टरने ओठांवर बोट ठेवलं. ती बोट ठेवायची तेव्हा मोठे डॉक्टरसुद्धा गप्प बसत. आजोबांनी शर्ट काढून खिळ्याला अडकवला.

"मुलगी आहे. तोंड वाकडं करायचं नाही."

"कशाला करू?"

"करतात काही जण."

तिने त्यांच्या छातीवर बाळ ठेवलं. अंगावर एक लंगोट आणि डोक्यावर टोपी, एवढाच ऐवज. पोरगी घाईघाईने, दिवस भरायच्या आधीच जगात आली होती आणि टोपीसकट दीड किलो भरत नव्हती. सिस्टरने दोघांना मिळून एक चादर गुंडाळली आणि गाठ मारली.

"हिच्या आईचं रक्त थांबत नाहीये. डॉक्टरांनी तिला आत घेतलंय. बाप रक्त आणायला पळालाय. काचेची एकच पेटी चालू आहे, तिच्यात आधीच दोन बाळं. दुसरी पहाटे बंद पडली. हिला गारठा लागला तर हातची जाईल. तेव्हा आता पेटी तुम्हीच. हलायचं नाही, बोलायचं नाही. श्वास थांबलासा वाटला तर तळपाय चोळायचा आणि मला हाक मारायची."

न बोलता हाक कशी मारायची, हे विचारायलाही बोलावं लागलं असतं. आजोबा खुर्चीत टेकले. समोर भिंतीशी ती बंद पेटी होती. रुसलेल्या व्याह्याकडे बघावं तसे ते तिच्याकडे बघत राहिले.

वॉर्ड पुसणाऱ्या मावशी आल्या. त्यांनी फडकं बाजूला ठेवलं आणि चादरीत डोकावून निकाल दिला, "नाक अगदी आजोबांचं."

हात अडकलेले असल्यामुळे आजोबांना स्वतःचं नाक तपासून बघता आलं नाही.

तिकडे सिस्टर फोनवर कंपनीशी भांडत होती. "पेटी दुरुस्त करायला माणूस पाठवतो म्हणालात, कुठाय? निघालाय? म्हणजे काय, रांगत येतोय का?" तिने फोन ठेवला. "असल्या माणसाला कामावर ठेवतं तरी कोण! इथे जीव टांगणीला लागलाय आणि हा कुठेतरी बिडी फुंकत बसला असेल."

आजोबांनी मान खाली घातली. खिळ्यावरचा शर्ट घूं घूं करू लागला.

"घरून असेल," सिस्टर म्हणाली. "आजींना म्हणावं, धीर धरा. वाजू दे. तुम्ही हलू नका."

दुपार झाली. मावशींनी त्यांना बशीने चहा पाजला. सिस्टरने दोनदा कंपनीला झापलं आणि दोन्ही वेळा थोड्या वेळाने शर्ट घुमला. "फारच जीव दिसतो आजींचा," मावशी म्हणाल्या.

आजोबांना राहवलं नाही. "सिस्टर, मी काय म्हणत होतो..."

तेवढ्यात छातीवरची ती चिमणीएवढी धडधड तशीच राहिली, पण श्वास थांबला. आजोबांना तो थांबलेला कळला, कारण त्यांचाही थांबला. त्यांनी तळपाय चोळला. काही नाही. पुन्हा चोळला. सिस्टर धावत आली. पोरीचे ओठ निळसर दिसत होते. सिस्टरने तिची मान सरळ केली, पाठीवरून बोटं फिरवली. मग पोरीने आजोबांच्या पोटाला एक लाथ घातली, श्वास ओढला आणि मांजराच्या पिलासारखी केकाटली.

आजोबांचे डोळे वाहायला लागले. पुसायला हात मोकळा नव्हता. सिस्टरनेच आपल्या पदराला हात घातला, आणि आपण गणवेशात आहोत हे आठवून गॉजची पट्टी वापरली.

"काय म्हणत होतात?"

"काही नाही," आजोबा म्हणाले. पोरीने त्यांचं बोट धरलं होतं.

संध्याकाळी निरोप आला, रक्त थांबलं; बाप आता औषधं आणायला पळालाय. आईला चाकांच्या खाटेवरून आणलं. ती कागदासारखी पांढरी पडली होती, पण डोळे उघडे होते. सिस्टरने गाठ सोडली आणि पोरीला उचलून आईच्या छातीवर ठेवलं. पोरीने जागा बदलल्याची तक्रार केली आणि लगेच मागे घेतली.

"यांना नमस्कार कर," सिस्टर म्हणाली. "दिवसभर जागचे हलले नाहीत."

आईने त्यांचा हात ओढून घेतला आणि डोळ्यांना लावला. "तुम्ही होतात म्हणून..."

"नाही गं," आजोबा म्हणाले. "माझाच दिवस सोन्याचा केला हिने." त्यांची छाती गार पडली होती. ते शर्ट घालू लागले.

दार ढकलून एक म्हातारा आत आला. धुळीने माखलेला, धापा टाकत, हातात पिशवी. सिस्टरचा दिवसभराचा राग एकदम बाहेर पडला.

"आलात? आता? दिवस मावळल्यावर? ती बघा तुमची पेटी, बसा उघडून!"

म्हातारा बावरला. "बाई, मला पेटीतलं काही कळत नाही हो. वाटेत गाडी बंद पडली, म्हणून उशीर झाला."

"सिस्टर," खाटेवरून आई हळूच म्हणाली, "ते माझे सासरे."

मावशींनी नव्या म्हाताऱ्याचं नाक नीट न्याहाळलं.

आजोबांनी शेवटचं बटण लावलं, पिशवी उघडली आणि पक्कड, टेस्टर, स्क्रू-ड्रायव्हर एकेक करून पेटीपाशी मांडले.

"सकाळी तेच सांगत होतो," ते म्हणाले, "पण तुम्ही शर्ट काढायला लावलात."