पहिल्या पानाची अट

केयाचा आवाज पुन्हा फोनवर आला, तेव्हा रशीदा अबाया घालून निघण्याच्या तयारीत दारात उभी होती. सून अरफाने फोन स्पीकरवर टाकला.

“रशीदाताई, सॉरी हं. तुमच्याकडे व्हॉट्सअ‍ॅपचा कॉल लागत नाही, म्हणून बोलून पाठवतेय. लेख सगळ्यांना आवडलाय. साठीत गाडी शिकलेली बाई, पहिल्या पानावर तोच जाणार. फक्त शेवट जरा कोरडा वाटतो. आखातातल्या लेखात वाचकांना गाव हवं असतं. मी एक परिच्छेद जोडलाय. वाचा आणि हो म्हणा, मला आत्ताच लावायचाय.”

केया पुण्यात बसून एका मराठी लेखनाच्या अ‍ॅपवर लेख निवडायची. आठवड्याला एकच लेख पहिल्या पानावर लागे आणि सगळ्या वाचकांच्या फोनवर जाई. रशीदाचा लेख ‘विचाराधीन’ असल्याचा निरोप आला, त्याच दिवशी अरफाने घरच्या ग्रुपवर ‘अम्मीचा लेख पहिल्या पानावर!’ असं टाकून दिलं. दुबईत, इंटरनॅशनल सिटीत राहणाऱ्या लेकीने लगेच दावत ठरवली. शारजा, अजमानचे नातेवाईक तिकडे निघालेही होते. अल ऐनच्या घरातून निघायचे तेवढे हे चौघेच राहिले होते.

अरफाने जोडलेला परिच्छेद मोठ्याने वाचला. “स्टीअरिंगवर हात ठेवला आणि त्या हातांना गावाची लाल मातीची वाट आठवली. डोळे भरून आले. इथे सगळं आहे, पण आपलं काहीच नाही.”

“छान लिहिलंय की, अम्मी.”

“छान आहे. माझं नाही.”

“दादी, जस्ट से यस!” नात सबा सोफ्यावरून ओरडली. “इट्स ओन्ली थ्री लाइन्स!”

रशीदाने फोन हातात घेतला, बटण दाबून धरलं आणि तोंडाजवळ नेला.

“केया बेटा, गावाची वाट माझ्या पायांना ठाऊक आहे. हातांना ती कशी आठवेल? तिथे मी सायकलला हात लावला, तर भावाने माझा हात पिरगळला होता. गाडी मला इथे मिळाली. आणि मी रडले नाही गं. हसले. एवढी हसले की शिकवणारी सुदानी बाई घाबरली, तिनेच ब्रेक दाबला.”

थोड्या वेळाने उत्तर आलं. केया हसत होती, पण घाईत होती. “ताई, मग ‘आपलं काहीच नाही’ हे काढते. डोळे तेवढे भरून येऊ द्या. एखादा थेंब चालेल.”

“थेंबसुद्धा नाही,” रशीदा म्हणाली.

अरफा सासऱ्याकडे वळली. “अब्बा, तुम्ही तरी सांगा ना. सगळे जेवायला थांबलेत तिकडे.”

रफिक चप्पल शोधत होता. उभी हयात त्याने एका अरबाच्या घरची गाडी चालवली होती. नजर अधू झाली तेव्हा सोडली. “लेख तिचा,” तो म्हणाला. “मी तिच्या ब्रेकबद्दल बोलतो, तेवढं पुरे आहे.”

फोन पुन्हा वाजला. या वेळी केयाचा आवाज खाली आला होता. “ताई, मग या आठवड्यात दुसरा लेख लावावा लागेल. आमच्याकडे वरूनच तसं सांगितलंय. मला खरंच वाईट वाटतंय.”

“वाईट वाटून घेऊ नकोस, बेटा. लाव तू दुसरा. माझा अ‍ॅपवर आहे तिथे आहे, वाचणारा वाचेल.”

तिने फोन अरफाला परत दिला. अरफा स्क्रीनकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “अम्मी, तुम्हाला गावाची आठवण येतच नाही का?”

“येते ना. रोज येते.” रशीदाने ओढणी सारखी केली. “ती माझ्यापाशी राहू दे. पहिल्या पानावर कशाला?”

“आणि दावतीत काय सांगायचं? मी सगळ्यांना सांगून बसलेय.”

“जे झालं ते सांगायचं. निवडत होते, अम्मी नको म्हणाली. बिर्याणी काय तेवढ्याने बिघडते?”

सबा आधी हसली. मग अरफालाही हसू आवरेना. तिने पर्स उचलली.

खाली पार्किंगमध्ये ऊन मी म्हणत होतं. अरफा आणि सबा मागच्या सीटवर जाऊन बसल्या. रशीदा पर्समध्ये चष्मा शोधत मागे राहिली. ती गाडीपाशी आली, तेव्हा रफिक अजून बाहेरच उभा होता. त्याने स्टीअरिंगच्या बाजूचं दार उघडून धरलं होतं. पाठ ताठ, एक हात दारावर, मान किंचित झुकलेली.

“तफद्दली, मॅडम. बसा,” तो म्हणाला.

अरबाच्या घरातल्या बायकांसाठी तो आयुष्यभर असंच दार धरून उभा राहिला होता. ते दार मात्र नेहमी मागचं असायचं.