बिजागरी

घाटातल्या वळणावर जुन्या पिकअपचा दरवाजा उघडला आणि रंगनाथची बायको सिंधू पडता पडता वाचली. तेव्हापासून ती सीट घट्ट धरून बसायची.

तीन मिस्त्रींनी दरवाजा ठोकून पाहिला, पण तो नीट लागेना. चौथ्या गॅरेजात मिस्त्री म्हणून हमीदाबी पुढे आल्या, तेव्हा रंगनाथ मनातून खट्टू झाला.

हमीदाबींनी हातोड्याला हातच लावला नाही. उघडा दरवाजा नुसता वर उचलून सोडला. "दरवाजा सरळच आहे, भाऊ. बिजागरीची पिन झिजलीय. सगळ्यांनी उगाच त्याला झोडपलं."

पिन बदलून त्या सिंधूला म्हणाल्या, "ताई, तुम्ही लावा." सिंधूने दोन बोटांनी ढकलताच दरवाजा अलगद बसला. रंगनाथ बघतच राहिला.

परतताना घाटात त्याने शेजारी पाहिलं. दरवाजाला डोकं टेकून सिंधू गाढ झोपली होती.